वर्षाचं धान्य फ्लॅटमध्ये भरायचं का? (घोडबंदर रोड, पावसाळा, टोके)

मुक्ता_घोडबंदर | ९ जुलै, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी. धागा किरकोळ वाटेल, पण झोप उडालीय म्हणून लिहितेच.

आम्ही सांगलीकडचे. लग्नानंतर ठाण्यात, घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे. घर ५२० चौरस फूट, त्यात आम्ही दोघं आणि साडेतीन वर्षांची लेक. सासूबाई दर मे महिन्यात ट्रॅव्हल्सच्या डिकीतून धान्य पाठवतात. ५० किलो गहू, २५ किलो तांदूळ, १० किलो तूरडाळ, शाळू वेगळा. घरचं आहे, फुकट आहे, मायेनं पाठवलेलं आहे. सगळं मान्य.

पण ठेवू कुठे? दोन डबे बेडच्या पोटात, एक वॉशिंग मशीनच्या वर, गव्हाची पत्र्याची कोठी बाल्कनीत. जून उजाडला की टोके (धान्यातले बारीक किडे) सुरू. काल लेकीच्या वरणभातात एक पोहत होता. ती म्हणाली, "आई, ही मुंगी जाडी झालीये." हसू की रडू कळेना.

आज तर हॉलमध्ये सोफ्याच्या पाठीवर चार निघाले. सोफ्यावर कोण गहू ठेवतं? गेल्या शनिवारी सगळं घर रिकामं करून पुसलं होतं, तरी हे.

तर प्रश्न असा की ठाणे-नवी मुंबईच्या हवेत वर्षाचं भरून ठेवणं जमतं का कुणाला? जमत असेल तर कसं? आणि नसेल तर सासूबाईंना काय सांगायचं, हा त्याहून मोठा प्रश्न.

कांदेपोहे | ९ जुलै, रात्री ११:१२

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (मका पण भरून ठेवलाय, टोक्यांसकट.)

नेरूळकर_काकू | १० जुलै, सकाळी ६:५०

मुक्ता, कोठी बाल्कनीत ठेवलीस तिथंच अर्धी लढाई हरलीस. पत्रा रात्री गार पडतो, आतल्या ओल्या हवेचं दव धरतं, दाण्याला लागतं. कोठी घरात घे, जमिनीवर नको, लाकडी पाटावर ठेव आणि भिंतीपासून चार बोटं लांब.

दुसरं म्हणजे गहू आला की ऊन दिलंस का? ऊन दिलं असशील तर गरमच भरलास का? पुष्कळ जणी तापलेला गहू तसाच डब्यात ओततात आणि झाकण लावतात. आत वाफ धरते. रात्रभर चादरीवर पसरून पूर्ण गार झाला की मगच भरायचा. दाणा दाताखाली धरून बघ, कट्ट आवाज आला पाहिजे. मऊ दबला तर तो भरायचा नाही, आधी दळून खायचा.

मी सिडकोच्या घरात ३१ वर्षं वर्षाचा गहू भरतेय. तळमजला, भिंतीला ओल. टोके होत नाहीत असं नाही, पण वरणात पोहण्याइतके नाही.

हिशेबी | १० जुलै, सकाळी ९:३०

मला मूळ मुद्दाच पटत नाही. तीन माणसांना महिन्याला गहू लागतो फार तर ६ किलो. म्हणजे ५० किलो आठ महिन्यांवर जातो. मे मध्ये आलेला गहू तुम्ही डिसेंबर संपेपर्यंत खाताय, त्यातले चार महिने पावसाचे. वर्षाचं भरणं वगैरे नावाला, तुम्ही नेमका पावसाळाच भरून ठेवताय.

आणि जागेचं काय? घोडबंदरला आज चौरस फुटाला दहा हजारांच्या खाली सहसा काही मिळत नाही. कोठ्याडब्यांनी सहा चौरस फूट अडवले तर ६० हजारांच्या वर जागा त्या गव्हाने घेतली. मग तो फुकट कसा? आता सामान दहा मिनिटांत दारात येतं. पाच किलोची पिशवी मागवा, संपली की दुसरी.

खमंग | १० जुलै, सकाळी ९:४१

हिशेबी, दहा मिनिटांत आलेल्या त्या आट्याच्या पोळ्या दुपारी डब्यात उघडल्यात का कधी? पापड होतो. घरच्या लोकवन गव्हाची पोळी संध्याकाळीही मऊ असते. चौरस फुटात सगळं मोजायचं तर नवरासुद्धा परवडणार नाही.

हिशेबी | १० जुलै, सकाळी ९:४४

पीठ नीट भिजवलं तर कुठलीही पोळी मऊ राहते.

खमंग | १० जुलै, सकाळी ९:४५

बोलले! रोज किती लाटता?

हिशेबी | १० जुलै, सकाळी ९:५९

रोज आठ. बायको ऐरोलीला आयटीत आहे, तिची बस ७:१० ची. दोन्ही डबे मीच करतो.

खमंग | १० जुलै, सकाळी १०:०२

मग माझे शब्द मागे. नवरा परवडतो.

सोंडकिडा | १० जुलै, दुपारी १:१५

कृषी महाविद्यालयात शिकलेलं कुठंतरी कामाला यावं म्हणून लिहितो. (आयडी त्यावरूनच घेतलाय.)

गव्हा-तांदळातले टोके बाहेरून चालत येतातच असं नाही. मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी आतच वाढते. आपल्या हवेत साधारण महिनाभरात पूर्ण किडा दाणा फोडून बाहेर येतो. म्हणजे मे मध्ये स्वच्छ दिसणारा गहू आतून भरलेला असू शकतो. चाळून फक्त बाहेर आलेले जातात, पोटातले राहतात. दर महिन्याला नवी फौज का येते, त्याचं कारण हे. दाण्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या खाली असेल तर धान्य टिकतं. पावसाळ्यात झाकण सैल राहिलं की दाणा हवेतला ओलावा ओढतो आणि किड्यांचं फावतं.

डाळींचं वेगळं. सालासकट अख्खे मूग, चवळी, हरभरे यांना भुंगे लागतात. त्यांची अंडी दाण्यावर पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. डाळ केली की तो त्रास कमी होतो, म्हणून कडधान्य भरण्यापेक्षा डाळ भरणं बरं.

मुक्ताताई, एक विचारू? हॉलमधले किडे आणि गव्हातले किडे सारखेच दिसतात का? गव्हातल्याला पुढे सोंड असते.

रात्रपाळी | १० जुलै, दुपारी १:२०

माणसं सिनेमातल्या खुन्याचा चेहरा इतका निरखत नाहीत.

सानपाडा_सुगरण | १० जुलै, दुपारी २:०५

इतकं काय त्यात? तांदळाला बोरिक पावडर चोळायची, वर्ष जातं. आमच्या सासूबाई, त्यांच्या सासूबाई सगळ्या हेच करत आल्या. शिजवताना तीन-चार पाण्यानं धुवायचा.

सोंडकिडा | १० जुलै, दुपारी २:३०

सुगरणताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बोरिक अॅसिड खाण्याच्या पदार्थात वापरायला आपल्याकडे परवानगी नाही. धुतल्यावर किती जातं आणि किती राहतं हे घरात मोजता येत नाही, आणि मुक्ताताईंकडे साडेतीन वर्षांचं मूल आहे. त्यापेक्षा एरंडेल बरं. किलोला एक छोटा चमचा, हाताला लावून डाळीला नाहीतर गव्हाला चोळायचं. दाण्यावर तेलाचा पातळ थर बसला की अंडी जगत नाहीत.

याच्याही पलीकडचं एक सांगून ठेवतो. गावाकडे गोदामात गव्हात ठेवायच्या गोळ्या मिळतात, अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. कुणी प्रेमानं दिल्या तरी घरात आणू नका. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. बंद खोलीत माणसं मरतात त्यानं.

सानपाडा_सुगरण | १० जुलै, दुपारी २:४८

आम्ही सगळे ठणठणीत आहोत. सासूबाई ८४ च्या आहेत. पण गोळ्यांचं पटलं.

कोपरखैरणे_बॅचलर | १० जुलै, दुपारी ३:०१

एरंडेलाचा गहू खाऊन पोटाचं काय होतं, हा प्रश्न माझ्याच मनात आला का?

नेरूळकर_काकू | १० जुलै, दुपारी ३:२०

काही होत नाही. एवढ्याशा तेलानं तुझ्या पोटाला कळणारही नाही.

नौपाडा_अप्पा | १० जुलै, संध्याकाळी ५:४५

आम्ही नौपाड्यातल्या चाळीत वाढलो. दीड खोली, माणसं नऊ. तरी आई वर्षाचं भरायची. कशात, तर तेलाच्या १५ किलोच्या चौकोनी डब्यांत. किराणावाल्याकडून रिकामे डबे आणायचे, राखेनं घासायचे, वरचा पत्रा कापून झाकण बसवून घ्यायचे. ते डबे खोलीच्या भिंतीला एकावर एक उभे. त्यावर गोधडी टाकली की धाकट्या काकाची बैठक. काका लग्न होईपर्यंत गव्हावर झोपला असं आम्ही म्हणायचो.

कडधान्यात चुलीची चाळलेली राख घालायची. त्या राखेनं किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडला जातो आणि तो वाळून मरतो, हे मला फार उशिरा एका मासिकात वाचून कळलं. आईला कारण माहीत नव्हतं, राखेचं माप मात्र बिनचूक माहीत होतं. कडुलिंबाचा पाला घालायचा तोही सावलीत कुरकुरीत वाळवून. हल्ली लोक झाडावरून तोडून हिरवागार पाला टाकतात आणि बुरशी आली म्हणून रडतात.

आता हिशेबीराव विचारतील, एवढा खटाटोप कशाला. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी ताटात पडली की घरात कुणी बोलायचं नाही. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना डबे भरलेले दिसल्याशिवाय झोप लागत नाही. मुक्ताच्या सासूबाईंचं वय मला माहीत नाही, पण त्यांच्या आईनं ते पाहिलं असणार.

मुक्ता_घोडबंदर | १० जुलै, रात्री १०:३०

अप्पा, वाचून एकदम गप्प झाले. सासूबाईंची आई खरंच मिलोचं सांगायच्या.

सोंडकिडा, भिंग घेऊन बघितलं (लेकीच्या डॉक्टर सेटमधलं). गव्हातले काळपट, लांबट, सोंड आहे. हॉलमधले वेगळेच. छोटे, गोलसर, तपकिरी, पाठीवर ठिपके, सोंड नाही. आणि ते उडतात. म्हणजे दोन प्रकार? देवा.

सोंडकिडा | १० जुलै, रात्री १०:५२

हॉलमधले कडधान्याचे भुंगे आहेत. ते गव्हातून आलेले नाहीत. घरात कुठंतरी अख्खं कडधान्य आहे आणि ते तुम्ही विसरला आहात. शोधा.

कांदेपोहे | १० जुलै, रात्री १०:५५

रुखवतातलं धान्याचं काही आहे का भिंतीवर? आमच्याकडे डाळीचा मोर होता, दोन वर्षांत टकला झाला.

दिवाळ्याची_वैनी | ११ जुलै, सकाळी ११:१०

तुमचं गव्हाचं चाललंय, आमची साठवण वेगळी. बेलापूरला दिवाळे कोळीवाड्यात माहेर, सासर खारघरला टॉवरमध्ये. १ जूनपासून यांत्रिक बोटी बंद, त्यामुळे मे मध्येच सुकी मासळी भरायची. बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या. बोंबील उत्तन-वसईकडचे, तिकडे बांबूवर टांगून वाळवतात ते. आणले की पुन्हा दोन कडक उन्हं द्यायची, बोंबलाची डोकी-शेपट्या कापायच्या, वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात. सोडे महाग, त्यांना मी फ्रीजरमध्येच ठेवते. पावसात ओल लागलेला जवळा चिकट होतो. तसा दिसला तर मोह न धरता टाकून द्यायचा.

त्रास किड्यांचा नाही, शेजाऱ्यांचा. बाल्कनीत सुपात जवळा ठेवला तर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. "सातव्या मजल्यावरून दुर्गंधी". दुर्गंधी म्हणे! मागच्या वर्षी त्याच बाईंनी माझ्याकडून जवळ्याची चटणी वाटीभर नेली होती.

सीवूड्स_सात्त्विक | ११ जुलै, सकाळी ११:४०

वैनी, आवड आपली आपली, पण बंद इमारतीत वास सगळ्यांना सोसावा लागतो. वाळवण गच्चीवर करावं.

दिवाळ्याची_वैनी | ११ जुलै, सकाळी ११:४६

गच्चीला कुलूप आहे. किल्ली सेक्रेटरीकडे. सेक्रेटरी तुमच्यासारखेच सात्त्विक.

खमंग | ११ जुलै, सकाळी ११:५०

गच्चीच्या कुलपाचं मात्र कुरडयांनाही लागू आहे हो. आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत जुन्या इमारती होत्या तोवर एप्रिलमध्ये गच्चीवर चालायला जागा नसायची. पुनर्विकास झाला, वर सोलर आणि टाक्या आल्या, वाळवण बंद. आता मी पापड बाल्कनीतल्या कपड्यांच्या स्टँडवर वाळवते. चार पापड, चार मोजे, चार पापड.

हिशेबी | ११ जुलै, दुपारी १२:०५

मोज्यांचं नको होतं सांगायला.

रात्रपाळी | ११ जुलै, दुपारी १२:३०

अवांतर आहे, पण विषय निघालाच आहे तर. आमच्या वरच्या मजल्यावर घरघंटी आहे. गहू भरतात, घरीच दळतात, छान. पण सकाळी सहाला! मी रात्रपाळीहून साडेपाचला येतो. डोळा लागतो न लागतो तोच छताला दातदुखी झाल्यासारखा आवाज. धान्य भरणाऱ्यांनो, दळायची वेळ तरी ठरवा.

नेरूळकर_काकू | ११ जुलै, दुपारी १:००

त्यांना सांग, घरघंटीखाली जाड रबराची चटई घाला आणि ती भिंतीला टेकवू नका. निम्मा आवाज तिथंच मरतो. आणि गोड बोलून सांग. तू आजवर एकदा तरी वर जाऊन बोललास का?

रात्रपाळी | ११ जुलै, दुपारी १:०४

नाही. ग्रुपवर अंगठा खाली केला होता.

कोपरी_पूर्व | ११ जुलै, दुपारी २:१५

माझा छोटा प्रश्न. मीठ! ठाण्यात पावसाळा लागला की मीठदाणीतून मीठ पडतच नाही. खाडीकाठी मिठागरं बघत लहानाचे मोठे झालो आणि घरात मीठ वितळतंय.

सोंडकिडा | ११ जुलै, दुपारी २:४०

हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं. जुलैत आपल्याकडे आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून जास्तच असते, त्यामुळे मिठाची काही चूक नाही. दाणीत भाजलेले तांदळाचे दहा-बारा दाणे टाका. आणि दाणी गॅसजवळ ठेवू नका, भाताच्या कुकरची वाफ थेट तिच्यात जाते.

नेरूळकर_काकू | ११ जुलै, दुपारी ३:००

किंवा आमच्यासारखं करा. खडे मीठ बरणीत, लाकडी चमचा.

तुर्भे_ते_ठाणे | ११ जुलै, रात्री ९:२०

मी मसाला मार्केटमध्ये कामाला आहे, म्हणून आतलं थोडं सांगतो. मशीद बंदरचा घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला आला तरी लोक अजून दाणाबंदरच म्हणतात. मार्च ते मे मध्ये बाया गटागटानं येतात. बेडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी झणक्याला, असं मिसळून मिरची घेतात आणि कांडपाला नेतात. वर्षाचा मसाला टिकतो, कारण मिरची देठं काढून वाळवलेली असते, खडा मसाला भाजलेला असतो आणि बरणीत दाबून वर हिंगाचे खडे ठेवतात. ओला चमचा घातला तरच बिघडतो.

माझं मत विचाराल तर सगळं सारखं भरू नका. मसाला वर्षाचा भरा. नाचणी भरा, तिला कीड जवळजवळ लागतच नाही. खपली गहू टरफलासकट मिळाला तर तोही टिकतो. तांदूळ जुना चांगला, कारण नवा चिकट होतो, त्यामुळे तो भरण्यात अर्थ आहे. पण रवा, बेसन, मैदा, शेंगदाणे, पोहे हे पावसात पंधरा दिवसांच्या वर घेऊ नका. मी रोज धान्यात असतो आणि घरी रवा अर्धा किलोच आणतो.

खमंग | ११ जुलै, रात्री ९:३५

रव्याला मी आणल्या दिवशीच कोरडा भाजून ठेवते. आणि पिठं फ्रीजरमध्ये चार दिवस. चार दिवसांत अंड्यांसकट सगळं मरतं. फक्त काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. बाहेर ठेवून खोलीइतकी झाली की मग, नाहीतर थंड पिठावर पाणी सुटून गुठळ्या.

हिशेबी | ११ जुलै, रात्री १०:१०

तुर्भेवाल्यांचं पटलं. एक भर घालतो. एका कोठीत ५० किलो ठेवण्याऐवजी पाच-पाच किलोच्या जाड हवाबंद पिशव्या करा, हवा दाबून काढा, काठोकाठ भरा. आत हवा नसली की किडे आपणच गुदमरतात. आणि एका पिशवीत लागले तरी बाकी नऊ वाचतात.

आणि सासूबाईंना "नको" म्हणूच नका. "निम्मा मे मध्ये, निम्मा दिवाळीनंतर पाठवा" म्हणा. गहू तिकडं गावी कोरड्या घरात राहील.

खमंग | ११ जुलै, रात्री १०:१५

हे सुचलं तुम्हाला? आम्ही बायका दोन दिवस किडे मारतोय.

मुक्ता_घोडबंदर | १३ जुलै, रात्री ११:४०

मंडळी, अहवाल.

शनिवारी बाल्कनीतली कोठी आत घेतली. २२ किलो गहू उरला होता. चाळला, बैठकीत चादरीवर पसरला, पंखा पूर्ण वेगात, खिडक्या बंद आणि एसी ड्राय मोडवर. ऊन नाहीच तर काय करणार. अर्धा दिवस लेक त्यात "शेत शेत" खेळली. पाच किलोच्या चार पिशव्या झाल्या, उरलेला गिरणीत दिला. तूरडाळीला एरंडेल लावलं. बोरिकची डबी (होती आमच्याकडेही!) टाकून दिली.

सासूबाईंना फोन केला. हिशेबींचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. त्या दोन मिनिटं बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हाला निम्मं पुरणार नाही म्हणून पाठवत होते. इथं काय, माडीवर पडून असतं." एवढंच!

आता हॉलचे भुंगे. कांदेपोहे यांनी रुखवताचं विचारलं ते मी हसून सोडून दिलं होतं. काल सोफा पुसताना पाठीवर बारीक पिवळसर भुकटी दिसली. पुसली. संध्याकाळी पुन्हा. वर बघितलं तर धान्याचा गणपती. अख्ख्या मुगाचा अंगरखा, मसुराचं सोवळं, चवळीचे दात, तांदळाचं जानवं. मोठ्या वहीएवढी फ्रेम. उतरवून उलटी केली, मागचा पुठ्ठा काढला आणि... लिहवत नाही. मुगाच्या एकेका दाण्याला गोल खिडकी. एक भुंगा तेवढ्यात मसुरातून डोकं काढून बाहेर बघत होता.

कांदेपोहे | १३ जुलै, रात्री ११:४२

माझा मोर वाया गेला नाही!!

सोंडकिडा | १३ जुलै, रात्री ११:५०

मागच्या बाजूला वॉर्निश मारलेलं नसणार. समोरून मारतात, मागून कुणी बघत नाही.

नेरूळकर_काकू | १४ जुलै, सकाळी ७:००

टाकून दे बाई.

मुक्ता_घोडबंदर | १४ जुलै, सकाळी ७:२५

काकू, तो सासूबाईंनी स्वतः केलाय. लग्नाच्या आधी दोन महिने, रात्री दिवाणखान्यात बसून, एकेक दाणा. आणि त्या येत्या रविवारी येताहेत.

खमंग | १४ जुलै, सकाळी ७:३१

फ्रीजर. चार दिवस. मग मागून वॉर्निश.

हिशेबी | १४ जुलै, सकाळी ७:३३

प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. काढल्यावर लगेच उघडू नका, गुठळ्या होतील असं वर कुणीतरी म्हटलंय.

नौपाडा_अप्पा | १४ जुलै, सकाळी ८:१०

ठेवताना नमस्कार करून ठेव. आणि जानव्याचे दाणे गळले असतील तर नवे लावताना आंबेमोहोर लाव, कोलम बारीक पडेल.

मुक्ता_घोडबंदर | १४ जुलै, रात्री १०:१५

ठेवला. मटारच्या पिशवीवर, आडवा. नवऱ्याला सांगायचं राहिलं. आत्ता तो बर्फ काढायला गेला आणि स्वयंपाकघरातून हाक आली, "मुक्ता, बाप्पा का गारठलेत?"

रात्रपाळी | १४ जुलै, रात्री १०:२०

ता.क. आज वरच्या मजल्यावर जाऊन आलो. घरघंटी आता साडेआठला. येताना दोन किलो पीठ दिलं त्यांनी. कोणता गहू विचारायचं राहिलं, पण त्यात एकही नव्हता.